निर्मळची खळ आणि धाकटी आगगाडी

निजामाच्या मुलखातील रेल्वेचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. 1874 साली वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत मीटर गेजची गाडी हैदराबादकडे धावू लागली आणि आपल्या सीमाभागातील कितीतरी घरांचे नोकरी-शिक्षणाचे, सोयरिकीचे धागे त्या शहराशी जुळले. थोरल्या गाडीची ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पण तिची धाकटी प्रतिकृती कोण घडवतो, कशाची घडवतो आणि तो हात का टिकतो किंवा थांबतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

प्रतिकृतींच्या दुनियेत भुयारी रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. लंडनची भुयारी गाडी 10 जानेवारी 1863 रोजी सुरू झाली. आगगाडीची खेळणी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मात्र वाफेची देखणी इंजिने आणि लांब पल्ल्याच्या गाड्याच अधिक काढल्या, कारण खप त्यांचा होता. बोगद्याच्या गोलाईत बसणारा तो बुटका, वाकलेल्या खांद्यांचा डबा बराच काळ छोट्या कारागिरांच्याच वाट्याला आला. कोणी ॲसिडने कोरलेल्या पितळी पत्र्याचे भाग जुळवून, कोणी रबराच्या साच्यात रेझिन ओतून, तर कोणी साध्या पुठ्ठ्यातून असे डबे उभे केले. गिऱ्हाईक मोजके आणि बारकावे फार, असे काम यंत्रापेक्षा माणसाच्या चिकाटीवरच चालते. आपल्याकडे पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले आणि 1998 साली खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय हीच गोष्ट सांगते.

हैदराबादच्या बाबतीत हा शोध आपल्याला शहराबाहेर, थेट आपल्या शेजारी आणून सोडतो. गोदावरीच्या उत्तरेला, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील निर्मळ हे गाव प्रतिकृती घडवणाऱ्यांचे जुने ठाणे. या गावातून रेल्वे कधी गेलीच नाही, पण लाकडातून हुबेहूब वस्तू उभी करण्याची विद्या तिथे पिढ्यान् पिढ्या नांदली. सतराव्या शतकातील निम्मा नायडू यांनी या कारागिरांना आश्रय दिला, असे परंपरा सांगते. कारागिरांना ‘नकाश’ म्हणतात.

त्यांचे साहित्य पाहिले की मराठी घराला ओळख पटते. लाकूड पोनिकीचे. हे झाड जंगलातले, लाकूड इतके हलके आणि मऊ की पटाशी सहज फिरते. मोराची मान, हरणाचे पाय, फळाचा देठ असे भाग वेगवेगळे कोरायचे आणि लाकडाचा भुसा चिंचोक्याच्या खळीत मळून त्या लगद्याने ते जोडायचे. याला तेलुगूत ‘लप्पम’ म्हणतात. आपल्या धनगरांनी घोंगडीला हीच चिंचोक्याची खळ दिली. सीमेच्या अलीकडे तिने लोकर ताठ झाली, पलीकडे लाकूड सांधले. सांधे घासून गुळगुळीत झाले की पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि मग रंग. पूर्वी हे रंग वनस्पती व खनिजांपासून करीत, पुढे बाजारातले तयार रंग आले. इथे मापपट्टीचे प्रमाण नसते; प्रमाण नकाशाच्या डोळ्यात असते.

हैदराबाद संस्थानचे पंतप्रधान सर अकबर हैदरी यांच्या पत्नी लेडी हैदरी यांनी या कलेचे मोल ओळखले आणि निर्मळच्या कारागिरांना राजधानीत आणवले. खैरताबादचे ‘निर्मळ इंडस्ट्री’ हे नाव त्यातूनच रुजले. शहरात आल्यावर गिऱ्हाईक बदलले, तशी वस्तूही बदलली. मुलांच्या खेळण्यांबरोबर दिवाणखान्यातली चित्रे, तबके आणि फर्निचर होऊ लागले. कलेला पोट मिळाले. मात्र मूळ खेळणे हळूहळू मागे सरले.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले, पण त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याकडे आले. जिल्ह्याची वाटणी कागदावर झाली. नकाशाचे खरे संकट कागदावरचे नव्हते, रानातले होते. पोनिकी सावकाश वाढते, तोड झपाट्याने होते, आणि जंगल विरळ होत गेले तसे लाकूड दुर्मीळ झाले. सहकारी संस्था झाली, सरकारी दुकानांतून विक्री झाली, भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाच्या कागदातून पटाशीला लाकूड मिळत नाही. लाकूड हवे तर झाडे लावावी लागतात, आणि ती वाढेपर्यंत कारागिराच्या घरची चूल पेटती ठेवावी लागते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी पांगाऱ्याऐवजी आंब्याचे लाकूड जवळ केले. निर्मळच्या मऊ कोरीवकामाला असा सोपा पर्याय नाही.

आता थोरली गाडी पुन्हा बदलली आहे. हैदराबादची मेट्रो 2017 पासून खांबांवरून धावते, पुण्यात 2024 मध्ये ती शिवाजीनगरहून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून पोचली, तर मुंबईची भुयारी मार्गिका 2025 मध्ये आरे ते कफ परेड पूर्ण झाली. या गाड्यांतून फिरणाऱ्या मुलांना त्यांची प्रतिकृती हवीशी वाटणारच. लंडनच्या गोल खांद्यांच्या डब्याने जी संधी छोट्या कारागिराला दिली, तीच इथेही दार ठोठावते आहे. मोर आणि हरीण ज्या हाताने कोरले, त्याला गाडीचा डबा परका नाही. नांदेड-किनवटच्या एखाद्या शाळेने बांधावर पोनिकीची रोपे लावली आणि निर्मळच्या एखाद्या नकाशाला वर्षभराचे काम दिले, तर दोन भाषांमधला हा जुना सांधा पुन्हा पक्का होईल. चिंचोके दोन्हीकडे आहेतच.