नोटबुकातल्या स्लाइड

१७. लेखात आलेले सिमरोल हे इंदूर–खंडवा रस्त्यावरचे गाव. २००९ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी इंदूरचा परिसर तिथेच आहे. ‘नोटबुक’ म्हणजे इथे ज्युपिटर नोटबुक. मजकूर, सूत्रे, चालणारा कोड आणि त्याचे उत्तर एकाच फायलीत ठेवणारा हा मुक्त प्रकल्प २०१४ मध्ये फर्नांडो पेरेझ यांच्या आयपायथनमधून निघाला. त्यातल्या प्रत्येक सेलला स्लाइड, सब-स्लाइड, फ्रॅगमेंट, नोट्स किंवा स्किप असा प्रकार लावता येतो. मग एनबीकन्व्हर्ट हे साधन त्याच फायलीचे रिव्हील-जेएसवर चालणारे सादरीकरण करते. वेगळी पॉवरपॉइंट फाइल लागत नाही. लेखक ‘खाली गेलो’ म्हणतात ते सब-स्लाइडबद्दल : मुख्य स्लाइड उजवीकडे सरकतात, सब-स्लाइड खाली.

लेखातला ‘मात्रा सोडवल्या’ हा उल्लेख मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे. रंगसंगतीची थीम एका आज्ञेत बदलते, पण अक्षराचे वळण आणि ओळींतले अंतर सीएसएसमध्ये लिहावे लागते. रिव्हीलच्या मूळ साच्यात मथळ्याच्या ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट असते. रोमन लिपीला ती पुरते. देवनागरीत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. उंची १.५ पट केली आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा टंक नेमला, की मथळा मोकळा दिसतो. हे बदल लेखकांनी नोटबुकातूनच थेट स्लाइड दाखवणाऱ्या ‘राइझ’ या जोडसाधनासाठी नोटबुकाशेजारी ठेवलेल्या सीएसएस फायलीत केले. राइझ जुन्या नोटबुकावरच चालते. नोटबुकाच्या २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत ते चालत नाही.