विरोधकाने घातलेला एक शब्द



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम आपल्याच थोर स्त्रियांची चरित्रे डोळ्यांपुढे आली. परंतु त्यांचे वाचन आपल्या मंडळात वरचेवर होत असते. म्हणून या खेपेस जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. ही हकीकत अमेरिकेतील एका पुढाऱ्याची आहे, आणि हे गृहस्थ सुधारक म्हणून मुळीच प्रसिद्ध नव्हते. तरीही त्यांनी सुचविलेल्या एका शब्दामुळे तेथील नोकरदार स्त्रियांना न्यायालयाचे दार उघडे झाले. हे कसे घडले आणि त्याचे श्रेय कोणाच्या पदरात घालावयाचे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हॉवर्ड वर्थ स्मिथ यांचा जन्म १८८३ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. आरंभी वकिली, पुढे काही वर्षे न्यायाधीशाचे काम. त्यामुळे जन्मभर लोक त्यांना ‘जज्ज स्मिथ’ म्हणत. घरची शेती व गाईगुरे होती. १९३० साली ते निवडून आले आणि १९३१ पासून १९६७ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ छत्तीस वर्षे, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसले. पक्ष डेमोक्रॅटिक, म्हणजे रूझवेल्ट, केनेडी, जॉन्सन यांचाच. पण त्या काळी दक्षिणेकडील राज्यांतले डेमोक्रॅट सनातनी वळणाचे असत, आणि स्मिथ तर त्यांचे अग्रणीच होते. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षांना त्यांच्याइतके अडविणारा माणूस विरळाच.

त्यांची मते पाहू गेले तर माणूस चटकन ध्यानात येतो. १९४० साली सरकार बळाने उलथून टाकण्याचा प्रचार करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा त्यांनी आणला. तो ‘स्मिथ कायदा’ म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याखाली पुढे कम्युनिस्ट पुढाऱ्यांना तुरुंगवास झाला. १९४३ साली युद्धकाळातील संपांना आळा घालणारा कायदा झाला, त्यालाही त्यांचे नाव जोडलेले आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो नाकारला असता दोन्ही सभागृहांनी त्यांचा नकार बाजूस सारून तो मंजूर केला. १९५४ साली गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या निकालाचा निषेध करणाऱ्या दक्षिणेकडील सभासदांच्या १९५६ च्या जाहीरनाम्यावर स्मिथ यांची सही आहे. नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाला त्यांचा विरोध ठरलेला असे.

नुसत्या एका मताने एवढी अडवणूक होत नाही. स्मिथ यांचे खरे बळ होते नियम समितीत. तेथे अशी पद्धत आहे की, कोणते विधेयक सभागृहापुढे केव्हा यावयाचे आणि त्यावर किती वेळ बोलावयाचे, हे ही समिती ठरविते. १९५५ पासून स्मिथ तिचे अध्यक्ष. नको असलेल्या विधेयकासाठी ते बैठकच बोलावीत नसत. १९५७ साली नागरी हक्क विधेयक समितीपुढे असताना आपला गोठा जळाला, तो पाहावयास हवा, असे सांगून ते शेतावर निघून गेले आणि समिती खोळंबून राहिली, ही हकीकत तिकडे आजही सांगतात. अखेर १९६१ च्या जानेवारीत समितीचे सभासद बारावरून पंधरा करण्याचा ठराव झाला, तोही २१७ विरुद्ध २१२ अशा काठावरच्या मतांनी. एका माणसाने किल्ल्या कमरेला लावून सारे घर कसे वेठीस धरावे, याचा हा नमुना होय.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. १९६४ च्या फेब्रुवारीत मोठे नागरी हक्क विधेयक सभागृहात चर्चेला आले. त्याच्या सातव्या प्रकरणात, नोकरी देताना वंश, वर्ण, धर्म व मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करू नये, असे होते. शनिवार, ८ फेब्रुवारी रोजी स्मिथ उठले आणि या यादीत ‘लिंग’ हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. सोबत त्यांनी एका बाईंचे पत्र वाचून दाखविले. देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त झाल्या आहेत, तेव्हा प्रत्येकीला नवरा मिळण्याचा हक्क सरकारने पाहावा, अशी त्या पत्रातील तक्रार! सभागृहात हशा पिकला. विधेयकाचे पुरस्कर्ते इमॅन्युएल सेलर यांचा दुरुस्तीला विरोध होता. त्यांनीही घरात शेवटचा शब्द आपलाच असतो व तो शब्द म्हणजे होकार, असा विनोद केला. पुन्हा हशा.

त्या वेळी मिशिगन राज्याच्या सभासद मार्था ग्रिफिथ्स उभ्या राहिल्या. बाई दुय्यम समजल्या जातात याला आणखी पुरावा हवाच असेल तर हा हशा पुरेसा आहे, अशा आशयाचे त्या बोलल्या, आणि सभागृह शांत झाले. त्यांच्या युक्तिवादाला एक काळी बाजूही होती, ती झाकून ठेवणे बरे नाही. हा शब्द नसेल तर काळ्या स्त्रीला संरक्षण मिळेल आणि गोरी उघडी पडेल, असे सांगून त्यांनी गोऱ्या सभासदांना साद घातली. त्यांच्या मागोमाग आणखी स्त्री सभासद दुरुस्तीच्या बाजूने बोलल्या. ऑरेगॉनच्या ईडिथ ग्रीन मात्र विरोधात उभ्या राहिल्या. काळ्या लोकांवरील अन्याय अधिक मोठा आहे, त्याच्या निवारणात विघ्न येऊ नये, असे त्यांचे म्हणणे. तेही खोटे म्हणता येणार नाही. अखेर १६८ विरुद्ध १३३ मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

स्मिथ यांचा हेतू काय होता? पुष्कळांच्या मते विधेयक हास्यास्पद करून पाडावे, हाच. परंतु दुसरी बाजूही आहे. स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीला स्मिथ यांचा कित्येक वर्षे पाठिंबा होता, आणि त्यासाठी झटणाऱ्या नॅशनल वुमन्स पार्टीच्या ॲलिस पॉल यांच्याशी त्यांचा जुना परिचय होता. कायदा व्हावयाचाच असेल तर गोऱ्या स्त्रिया त्यात मागे राहू नयेत, असाही त्यांचा विचार असावा. ग्रिफिथ्स यांनी पुढे सांगितले की, ही दुरुस्ती आपणच मांडणार होतो. पण स्मिथ यांनी मांडली तर दक्षिणेची मते आपोआप मिळतील, म्हणून आपण थांबलो. बाई हुशार खऱ्या!

आता मतांच्या नोंदीतील गंमत पाहा. त्या काळी दुरुस्तीवर मत देताना सभासद रांगेने पुढून जात आणि मोजणारे डोकी मोजीत. कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावनिशी नोंद होत नसे. म्हणून ज्या मताने स्त्रियांचे हित झाले, ते मत स्मिथ यांच्या नावावर कोठेही सापडत नाही. दोन दिवसांनी, १० फेब्रुवारीला, संपूर्ण विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर झाले, तेव्हा नावे पुकारली गेली. तेथे स्मिथ यांच्या नावापुढे स्पष्ट ‘विरुद्ध’ आहे. ज्या कायद्यात त्यांचा शब्द आहे, त्या कायद्याला त्यांनी मत दिले नाही! पुढच्या वर्षी काळ्या नागरिकांना निर्वेधपणे मतदान करता यावे म्हणून आलेल्या विधेयकालाही त्यांचा विरोधच होता. १९६६ साली पक्षांतर्गत निवडणुकीत थोड्या मतांनी ते हरले आणि घरी गेले.

म्हणून मला वाटते की, स्मिथ यांना स्त्रियांचा कैवारी ठरविणे चूक आणि त्यांचा हातभार मुळीच नव्हता म्हणणेही चूक. त्यांनी शब्द ठेवला; त्यात प्राण घातला तो बायकांनी. विधेयक सिनेटमध्ये गेले तेव्हा पॉली मरे या काळ्या वकीलबाईंनी टिपण लिहून दाखविले की, हा शब्द गाळला तर काळ्या स्त्रीला अर्धेच संरक्षण मिळेल. शब्द टिकला आणि २ जुलै १९६४ रोजी कायद्यावर सही झाली. तरीही ज्या आयोगाने तो राबवावयाचा, तो आरंभी या शब्दाकडे थट्टेनेच पाहत असे. परंतु पहिल्याच वर्षी आलेल्या तक्रारींपैकी सुमारे एक तृतीयांश लिंगभेदाच्या निघाल्या. लग्न होताच नोकरीवरून काढल्या जाणाऱ्या विमानसेविका त्यांत आघाडीवर होत्या. १९६८ साली आयोगाने तो नियम बेकायदा ठरविला. लहान मुले आहेत म्हणून नोकरी नाकारलेल्या फ्लोरिडातील एका आईची फिर्याद १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली.

आपल्याकडे हा शब्द कोणाच्या थट्टेतून आला नाही. संविधानाच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीपुरता तो १९५० पासूनच आहे. पण म्हणून सारे सुरळीत झाले असे नव्हे. एअर इंडियाच्या हवाईसेविकेने पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी, हा नियम रद्द व्हावयास १९८१ साल उजाडावे लागले, आणि तेही बायका न्यायालयात गेल्या म्हणून. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, हा नियम तर त्याच निकालात कायम राहिला. कागदावर शब्द कोणीही लिहो, तो व्यवहारात उतरविण्यासाठी कोणाला तरी हेलपाटे घालावेच लागतात.

यावरून आपण काय घ्यावे? उमेदवार मते मागावयास दारी येतो, तेव्हा त्याच्या एका गोड ठरावावर भुलू नये. त्याच्या साऱ्या मतांचा हिशेब मांडावा. पण विरोधकाच्या हातून चांगली गोष्ट पुढे आली तर हात आखडूही नये. ती घ्यावी आणि आपल्या कष्टाने खरी करावी. १९९५ साली स्मिथ यांची तसबीर नियम समितीच्या दालनात लावली गेली, तेव्हा काळ्या सभासदांनी हरकत घेतली आणि ती उतरविण्यात आली. त्यांचे म्हणणे योग्यच होते. कायद्यातील तो शब्द मात्र कोणी काढला नाही.