अंगठ्याचा प्रवास: निशाणीपासून किल्लीपर्यंत

बेंगळुरूतील दस्तनोंदणी ज्या नोंदणी जिल्ह्यांत विभागलेली आहे, त्यांपैकी एक म्हणजे शिवाजीनगर. घर वा जमीन घेणारा खरेदीखतावर सही करतो, छायाचित्र देतो आणि अंगठा उमटवतो. आपल्याकडील जुन्या दस्तांत ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहिलेले आढळते, त्याच परंपरेतील हा रिवाज. २०२३ मध्ये मात्र या शहरात विलक्षण तक्रारी येऊ लागल्या. मालमत्तेची नोंदणी केलेल्या नागरिकांच्या बँक खात्यांतून परस्पर पैसे निघत होते. कार्ड खिशातच होते, ओटीपी कोणी विचारला नव्हता. मग चोराच्या हाती काय लागले? दस्तावरील अंगठा!

हे समजण्यासाठी १८५८ सालात जावे लागते. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर घेतला. ‘ही सही माझी नव्हे’ असे त्याला पुढे म्हणता येऊ नये, एवढाच हेतू. १८७७ मध्ये हुगळी येथे हर्शेलने दस्तनोंदणीत आणि निवृत्तिवेतनाच्या वाटपात बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र उभे राहिले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवली, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले.

या साऱ्या काळात ठसा हे गुपित नव्हते. तो उघड्या कागदावर असे, कारण त्याचे काम वाद उद्भवल्यावर साक्ष देण्याचे होते. ठसा देणारा माणूस कारकुनासमोर उभा असे, हीच खरी सुरक्षा होती.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे आधार-आधारित भरणा प्रणाली आली. गावातील बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर आधार क्रमांक आणि बँकेचे नाव सांगून बोट टेकवले की पैसे मिळतात. पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. बँकेची शाखा दूर असलेल्या वृद्धांना आणि मजुरांना ही मोठीच सोय झाली. पण त्याच क्षणी साक्षीदार असलेला अंगठा तिजोरीची किल्ली झाला, आणि त्या किल्लीचे नमुने नोंदणी कार्यालयांच्या दप्तरांत उघडे पडून होते.

धोका अज्ञात नव्हता. २००२ मध्येच जपानचे त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटे बनवून बाजारातील ११ ठसे-वाचक यंत्रे फसवून दाखवली होती. काचेवर राहिलेल्या ठशावरूनही असे बोट तयार झाले. यंत्र रेषांचे शेवट आणि फाटे जुळवते. त्यांमागे जिवंत त्वचा आहे की रबर, हे ते आपणहून ओळखत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांतून ठसे उचलले, त्यांच्या रबरी प्रतिकृती केल्या आणि हजारो सिमकार्डे चालू केली. बेंगळुरूचे प्रकरण त्यानंतर पाच वर्षांनी घडले.

उपाय झाले, पण उशिरा. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे का हे तपासणारी नवी पद्धत आणली. कर्नाटकात दस्तांवरील ठसे झाकण्याचे ठरले. नागरिकालाही आधारच्या संकेतस्थळावरून वा ‘एम-आधार’ ॲपवरून आपले बायोमेट्रिक ‘लॉक’ करता येते. गरज पडेल तेव्हाच ते उघडावे. ज्यांनी दस्त नोंदवला आहे त्यांनी हे आजच करावे.

तरीही एक प्रश्न उरतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. पूर्वी निरक्षराला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवले जाई. आज शिकलेसवरलेलेही अंगठाच देतात, आणि तो गेला तर सर्वांत मोठा फटका ज्याची सारी शिल्लक त्या एका खात्यात असते त्यालाच बसतो. त्याच्या ठशाची राखण करण्याची जबाबदारी ठसा मागणाऱ्याची असली पाहिजे.