रविवारची गाडी आणि सोमवारची गाडी

वाहन घेतांना मनुष्य दोन प्रश्न विचारतो. तें ओझें किती वाहील, हा एक. आणि त्यांत बसणारास सुख किती होईल, हा दुसरा. श्रीमंत मनुष्य मालासाठीं एक गाडी ठेवतो व माणसांसाठीं दुसरी. परंतु ज्याच्या दाराशीं एकच गाडी उभी राहूं शकते, त्याला या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच वाहनांत शोधावें लागतें. पिकअप गाडीचा इतिहास हा या शोधाचा इतिहास होय.

फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९०८ सालीं अमेरिकेंत निघाली. ती स्वस्त व काटक असल्यामुळें शेतकऱ्यांच्या घरीं पोंचली. पुढें कित्येकांनीं तिचा मागचा भाग काढून तेथें मालासाठीं पेटी बसविली. १९१७ सालीं फोर्डनें एक टन ओझ्यासाठीं 'मॉडेल टीटी' हा निराळा सांगाडा विकावयास काढला. पण तो मुख्यतः मालाचाच होता. अखेर १९२५ च्या एप्रिल महिन्यांत, जें काम शेतकरी आपल्या अंगणांत करीत होता तें कारखान्यानें स्वतः केलें. पुढें दोघांची बैठक, मागें पोलादी हौदा, खालीं पाडतां येणारा फाळका आणि मागच्या बाजूस अधिक भक्कम पाटे, अशी ही गाडी २८१ डॉलरांस मिळूं लागली. 'पिकअप' हा शब्द तिच्या नांवांतच होता. पहिल्या वर्षीं तशा सुमारें ३४,००० गाड्या तयार झाल्या.

तथापि एकाच गाडीकडून दोन कामें घेणें सोपें नव्हे. ओझ्यासाठीं पाटे कठीण केले, तर रिकामी गाडी हादरे देते, आणि मागचा भाग हलका असल्यानें ओल्या रस्त्यावर चाकें घसरण्याचा संभव वाढतो. पाटे मऊ केले, तर भरल्या गाडीचें बूड खालीं बसतें आणि पुढचीं चाकें हलकीं होऊन सुकाणूवरचा ताबा कमी होतो. हौदा लांब करावा, तर बैठक आखडते. बैठक वाढवावी, तर हौदा आखडतो.

या अडचणीवरचें एक प्रसिद्ध उत्तर ऑस्ट्रेलियांत निघालें. जागतिक मंदीच्या दिवसांत, म्हणजे १९३२ च्या सुमारास, व्हिक्टोरिया प्रांताच्या गिप्सलंड भागांतील एका शेतकऱ्याच्या बायकोनें तेथील फोर्ड कंपनीस पत्र लिहिल्याची हकीकत सांगतात. तिचें मागणें साधें होतें. रविवारीं न भिजतां चर्चला जातां यावें, आणि सोमवारीं त्याच गाडींतून नवऱ्याला डुकरें बाजारांत नेतां यावींत. त्या काळच्या मालगाडीवजा मोटारींना बहुधा कापडी टप असे व बाजू उघड्या असत. पावसांत अंगावरचे ठेवणीतले कपडे भिजून जात. दोन गाड्या घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबालाहि चारचौघांत नीटनेटकें जावेंसें वाटतें, हें त्या पत्राचें मर्म होतें.

हें काम गीलाँग येथील कारखान्यांतील ल्यूइस बँट या विशी नुकतीच ओलांडलेल्या आरेखकाकडे आलें. त्यानें प्रवासी मोटारीची बंदिस्त, कांचेच्या खिडक्यांची केबिन घेतली आणि तिच्या बाजूंचा पत्रा तसाच मागें नेऊन हौदा तिच्याशीं एकजीव केला. १९३४ सालीं ही गाडी विक्रीस आली. तेथील लोक तिला 'यूट' म्हणूं लागले. पुढें १९५१ सालीं होल्डन कंपनीनें आपली यूट काढली, आणि १९५७ सालीं खुद्द अमेरिकेंत फोर्डनें 'रँचेरो' ही त्याच धर्तीची गाडी आणली.

त्याच १९५७ सालीं 'इंटरनॅशनल हार्व्हेस्टर' कंपनीनें बैठकीची दुसरी रांग असलेला 'ट्रॅव्हलेट' ट्रक काढला. तेथून तागडी माणसांकडे झुकूं लागली. आपल्याकडेहि हें नातें दिसलें. पुण्याच्या टेल्को कारखान्यानें १९८८ सालीं 'टाटामोबील' ही पिकअप आणली, आणि तिच्याच पायावर १९९१ सालीं 'सिएरा' ही घरगुती मोटार उभी केली. ऑस्ट्रेलियांत फोर्डच्या यूटचें उत्पादन २०१६ त व होल्डनचें २०१७ त थांबलें. पुष्कळ घरांत तिची जागा चार दारांच्या पिकअपनें घेतली.

आज पिकअप घेणारानें या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गाडीवर लिहिलेल्या भारांत बसणाऱ्यांचें वजनहि धरलेलें असतें. सत्तर किलोंचीं पांच माणसें बसलीं, कीं साडेतीनशें किलो भार तेथेंच संपला; उरेल तो हौद्याचा. म्हणून महिन्यांतून किती दिवस माल न्यावयाचा, तो किती वजनाचा व किती लांबीचा, आणि त्या दिवशीं बरोबर माणसें किती, हें आधीं मोजावें. ज्याचा माल रोजचा, त्यानें हौदा पाहावा. ज्याचा माल हंगामापुरता, त्यानें बैठक पाहावी. वर्षांतून एकदांच लागणाऱ्या मोठ्या ओझ्यासाठीं भाड्याची गाडी पुरते. त्यासाठीं बाराहि महिने जड गाडीचे हादरे व इंधनाचा खर्च सोसण्याचें कारण नाहीं. गिप्सलंडच्या त्या बाईनें इंजिनाच्या शक्तीची चौकशी केली नव्हती. तिनें आपल्या घरचा आठवडा मांडला होता, आणि कारखान्याला गाडी त्या आठवड्याच्या मापानें बेतावी लागली.