आत्याआजीचं गंगावन

शनिवारातला आमचा वाडा पाडायला दिला तेव्हा माळ्यावर एक फणेरपेटी सापडली. आरशाचा पारा उडालेला. तळाशी लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं एक गंगावन!

पोरासोरांसाठी सांगते : अंबाडा भरदार दिसावा म्हणून आपल्या केसांत गुंफायचा झुबका म्हणजे गंगावन. हल्ली बाजारात नायलॉनचं मिळतं. जुनं असायचं वनगाईच्या, म्हणजे हिमालयातल्या याकच्या, शेपटीच्या केसांचं.

याला कसर लागली होती. कसरीची अळी लोकर खाते तसे केसही खाते. म्हणून आधी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, मटाराशेजारी (सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता!). मग रिठ्याच्या पाण्यात न चोळता बुचकळलं, सावलीत वाळवलं, टोकाकडून वर वर जात हळूहळू विंचरलं. सुटलेल्या शेंड्याला काळा सुती दोरा गुंडाळला. गळालेल्या केसांच्या जागी नवे मात्र घातले नाहीत.

पेटी आजोबांच्या थोरल्या बहिणीची. मी तिला पाहिली ती लाल आलवणातच. तेराव्या वर्षी वैधव्य, लगेच केशवपन. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यातच विधवांसाठी संस्था काढली. त्यानंतरही पंधरा-वीस वर्षांनी आमच्या वाड्यात वस्तरा आलाच.

केसच नाहीत तर गंगावन गुंफणार कशात? तरी तिनं ते जन्मभर जपलं.

ते वाळत घातलं तेव्हा सहज देवघरातल्या चवरीकडे लक्ष गेलं. तीही त्याच जनावराच्या शेपटीची, फक्त पांढरी. आत्याआजी रोज ती देवावर ढाळायची. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी देवाला चालत नसे म्हणे. जनावराचे केस चालत होते!

असो. गंगावन आता पुन्हा त्याच पेटीत, धुतलेल्या मलमलीत ठेवलंय. भावंडांनो, तुमच्यापैकी कुणाकडे आत्याआजीचा लहानपणचा, केस असतानाचा फोटो आहे का? असला तर जरूर कळवा. पेटीत गंगावनाशेजारी ठेवायचाय.