लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन आणि इंजिन स्वॅप : वाळवंटात उडणाऱ्या ट्रकमागचं गणित काय आहे?

तुमच्या फीडवरही हा व्हिडिओ कधीतरी आला असेल. एक पिकअप ट्रक वाळवंटातल्या खाचखळग्यांवरून सुसाट निघालाय. चाकं वेड्यासारखी वर-खाली होतायत, पण केबिन मात्र जवळपास जागच्या जागी. मग एक उंचवटा येतो, ट्रक हवेत उडतो, खाली आदळतो आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढे जातो.

खाली एक कमेंट ठरलेली असते, "भावा, आपल्या थारला असं करता येईल का?"

उत्तर देण्याआधी हे नेमकं काय प्रकरण आहे ते बघू.

'ट्रॅव्हल' म्हणजे काय?

चाक पूर्ण खाली लोंबकळत असतं तिथपासून पूर्ण वर दाबलं जातं तिथपर्यंत जेवढं हलतं, ते अंतर म्हणजे व्हील ट्रॅव्हल. कंपनीतून आलेल्या साध्या पिकअपच्या पुढच्या चाकाला साधारण ८-९ इंच ट्रॅव्हल असतो. खड्डा त्यापेक्षा मोठा असला की सस्पेन्शन संपतं आणि धक्का थेट चेसिसला बसतो.

लाँग ट्रॅव्हल किटमध्ये हेच अंतर १२-१४ इंचांपर्यंत जातं. शर्यतीच्या ट्रॉफी ट्रकमध्ये तर पुढे सुमारे दोन फूट आणि मागे अडीच फुटांच्या आसपास.

इथे एक गैरसमज दूर करू. गाडी उंच करणं म्हणजे लाँग ट्रॅव्हल नाही. लिफ्ट किट लावलं की गाडी उंच दिसते, पण चाक पूर्वीइतकंच हलतं. लाँग ट्रॅव्हलमध्ये गाडी उंच होण्यापेक्षा रुंद होते.

हे खूळ आलं कुठून?

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून. १९६७ मध्ये तिथे तिहुआना ते ला पाझ अशी 'मेक्सिकन १०००' शर्यत झाली. आज आपण तिला बाहा १००० म्हणून ओळखतो. पहिली शर्यत जिंकली मेयर्स मँक्स या छोट्याशा बग्गीने, २७ तास ३८ मिनिटांत.

पुढे १९७१ आणि १९७२ मध्ये पार्नेली जोन्स यांनी 'बिग ओली' नावाच्या फोर्ड ब्रॉन्कोतून ही शर्यत जिंकली. ती दिसायला ब्रॉन्को होती, पण आत लोखंडी नळ्या जोडून बनवलेली चेसिस होती. बाहेरून ओळखीची गाडी आणि आतून सगळं हाताने बनवलेलं, ही कल्पना तिथून रुजली. १९९४ मध्ये ट्रॉफी ट्रक हा स्वतंत्र वर्गच सुरू झाला. कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोनातल्या गॅरेजमध्ये आज जे काम चालतं, ते याच शर्यतींचं देणं आहे.

सस्पेन्शन बनवतात कसं?

चाक चेसिसला ज्या आर्म्सनी जोडलेलं असतं, ते आर्म्स लांब करायचे, हे मूळ तत्त्व. आर्म जितका लांब, तितकं टोकाचं चाक जास्त हलतं. साधारणपणे प्रत्येक बाजूला ३-४ इंच लांबी वाढवतात. त्यासाठी ४१३० क्रोमोली हे मजबूत पोलाद वापरतात आणि टिग वेल्डिंग करतात.

पण आर्म लांब केला की एकामागोमाग एक प्रश्न उभे राहतात.

• स्टिअरिंग : टाय रॉडचा वर-खाली होण्याचा मार्ग आर्मशी जुळला नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. वेगात गाडी हातातून सुटते ती इथेच.

• ॲक्सल : फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचे शाफ्टही लांब लागतात. त्यांचे सांधे ठरावीक कोनापलीकडे वाकवले तर तुटतात. म्हणूनच जास्तीत जास्त ट्रॅव्हल हवा असणारे अनेक जण टू-व्हील ड्राइव्हवर थांबतात.

• शॉकअप : सतत वर-खाली होऊन आतलं तेल तापतं आणि शॉकअपचा जोर कमी होतो. म्हणून मोठे, नायट्रोजन भरलेले आणि जास्त तेल मावण्यासाठी बाजूला वेगळी टाकी असलेले शॉकअप लावतात.

• मर्यादा : चाक वर येऊन आदळू नये म्हणून बंप स्टॉप, आणि खाली जास्त लोंबकळू नये म्हणून मजबूत पट्टे.

चांगला फॅब्रिकेटर शेवटचं वेल्डिंग करण्याआधी स्प्रिंग काढून टाकतो, जॅकने चाक अगदी खालपासून वरपर्यंत नेतो आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघतो. कुठे काय घासतंय, ब्रेकचा पाइप ताणला जातोय का, ते तेव्हाच कळतं. ही पायरी गाळली तर तेच काम रस्त्यावर होतं, आणि तिथे जॅक नसतो.

मग इंजिन कशाला बदलायचं?

मोठी चाकं, जाड लोखंड, रुंद गाडी म्हणजे वजन वाढलं. १९८० च्या दशकातल्या टोयोटा पिकअपचं २.४ लिटरचं २२आरई इंजिन टिकाऊपणासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याची ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. चढावर ते दमतं.

इथे जनरल मोटर्सचं एलएस इंजिन येतं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते पहिल्यांदा आलं आणि लवकरच त्याच कुटुंबातली व्ही-८ इंजिनं कंपनीच्या पिकअपमध्येही बसू लागली. असे ट्रक लाखोंनी विकले गेले, त्यामुळे अमेरिकेतल्या भंगारबाजारात ही इंजिनं सहज मिळतात. ताकदीच्या मानाने ती आकाराने आटोपशीर असतात.

इंजिन बॉनेटखाली मावलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. नवीन माउंटिंग, गिअरबॉक्सला जोडणारा ॲडॅप्टर, मोठा रेडिएटर, वेगळा फ्युएल पंप, एक्झॉस्ट आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची सगळी वायरिंग, हे सगळं लागतं. ऑइल पॅन पुढच्या डिफरन्शियलला अडतं, एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या रॉडला. आणि ताकद वाढवली, पण ब्रेक जुनेच ठेवले, तर आपण फक्त जास्त वेगात आदळायची सोय केली.

कायदा तिथेही आहे. कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीइतकंच जुनं किंवा त्याहून नवीन असावं लागतं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत बसवावी लागते आणि सरकारी रेफ्रीकडून तपासणी करून घ्यावी लागते.

आता मूळ प्रश्न : आपल्याकडे चालेल का?

रस्त्यावर? जवळपास नाहीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्याच दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड एकवेळ परवडेल. पण अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडकू शकतो. समोरच्या गाडीत कुणी जखमी झालं असेल, तर ती जबाबदारी कुणाची? घरगुती वेल्डिंग तुटण्याआधी कुणाला सांगत नाही.

मग हौस कुठे भागवायची? बंद ट्रॅकवर आणि स्पर्धांमध्ये. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते आणि तिथे जबरदस्त बनवलेल्या गाड्या बघायला मिळतात. पण तिथला खेळ वेगळा आहे. बाहात वेग आणि मोकळं वाळवंट, इथे चिखल, ओढे, विंच आणि इंचाइंचाने पुढे सरकणं. बाहाचं रुंद किट इथल्या झाडांमध्ये अडकून बसेल. इथे चारही चाकं जमिनीला टेकून राहणं महत्त्वाचं.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी "थारला लाँग ट्रॅव्हल लावू का?" विचारलं, तर त्याला आधी एकच प्रश्न विचारा : गाडी चालवणार कुठे आहेस? सस्पेन्शन, इंजिन, खर्च आणि कायदा, सगळं त्या उत्तरावर ठरतं.