दोन मोती, सत्तावीस मोहरा

भाची यंदा बारावीला आहे. क्लास वाशीला, घर घणसोलीला, त्यामुळे मधल्या वाटेवर तुर्भ्याला मामाकडचा चहा ठरलेला. गेल्या आठवड्यात चहाबरोबर मराठीचं पुस्तकही उघडलं गेलं. अलंकार! तिची पद्धत सोपी आहे. 'सम, समान, सारखा' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे' दिसलं की उत्प्रेक्षा. शब्द हेरायचा, नाव लिहायचं, मार्क घ्यायचे. आमच्या वेळीही हेच चालायचं म्हणा.

ही यादी फार जुनी. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त चार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी त्यात भर घालत नेली, ती इतकी की अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त आकडा शंभराच्या वर गेला. त्यातले थोडे गाळून आपल्या शाळेत आले. नावं आली, व्याख्या आल्या. पण या लोकांना मुळात जो प्रश्न पडला होता तो वाटेत कुठेतरी सांडला. शब्द एक असतो आणि पोचतं भलतंच, हे घडतं कसं?

मी तिला म्हटलं, पुस्तक मिट आणि खाली बघ. आमच्या घरापासून बाजार समिती हाकेच्या अंतरावर. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली मुंबईहून इकडे आला, फळं आणि भाजी १९९६ साली. तिथे पाठीवर गोणी घेऊन चाललेला माणूस कोण? "माथाडी," ती म्हणाली. माथ्यावर ओझं वाहतो म्हणून माथाडी! अख्ख्या माणसाला त्याच्या डोक्यावरून नाव पडलं, आणि १९६९ च्या कायद्याच्या नावातही तेच गेलं. आता 'पेटी' घे. फळबाजारात पेटी म्हणजे आंब्याची. तीच मुंबईच्या बोलीत एक लाख रुपये, आणि खोका म्हणजे कोटी. ही सगळी लक्षणा. पुस्तकात ती वेगळ्या धड्यात असेल, बाजारात मात्र सगळं एकाच गाळ्यात मिळतं :)

व्यापाऱ्यांना असं आडून बोलायची सवय जुनीच. आंब्याचे भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचे ते याच बाजारात. आणि मराठ्यांच्या इतिहासातलं, मला वाटतं, सगळ्यात भयंकर रूपक एका सावकारी पत्रातच आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेला निघाले होते. नर्मदा ओलांडत असताना त्यांच्या माणसांना एक कासीद सापडला. तो होता सावकारांचा. पानिपताहून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायच्या बोलीवर धावत होता. त्याच्याजवळचं पत्र उघडलं. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ते इंग्रजीत दिलं आहे. मतलब एवढाच, की दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

कोणी अर्थ सांगायला लागला नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे.

भाचीने लगेच उत्तर दिलं, "रूपक!" जवळपास बरोबर. पण रूपकात ज्याच्याबद्दल बोलायचं ते आणि ज्याची तुलना करायची ते, दोन्ही समोर असतात. इथे भाऊ नाहीत, विश्वासराव नाहीत, नुसते मोतीच. उपमानाने उपमेयाला पार गिळून टाकलंय. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त याला अतिशयोक्तीचा पहिला प्रकार म्हटलंय. तिच्या लेखी अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं, त्यामुळे ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. फुगवलेलं या पत्रात काहीच नाही. उलट आवाज इतका खाली आणलाय, की वाचताना कापरं भरतं.

मला त्यात एक गोष्ट कायम टोचते. हिशेब मोती, मोहरा, रुपये, खुर्दा असा उतरत जातो. किंमत जितकी कमी तितकी मोजणी सैल. वरच्या दोघांची नोंद आहे, सत्तावीस मोहरांचीही आहे, आणि गावोगावचे जे हजारो पोरगे परतले नाहीत ते चिल्लर. सावकाराचा दोष नाही, वही तशीच लिहितात.

पण त्याच लढाईबद्दल मराठीत दुसरं एक वाक्य आहे आणि ते लक्षणेचं उदाहरण म्हणून पोरं पाठ करतात : पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली. सव्वा लाख हा काही मोजून काढलेला आकडा नव्हे. पण इथे हिशेब घराच्या बाजूने मांडलाय. सरदाराच्या बायकोची बांगडी आणि शिपायाच्या बायकोची बांगडी, दोन्ही एकेकच. मोती नाही, खुर्दा नाही. अलंकार बदलला आणि कोणाला मोजायचं तेच बदललं. हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठल्याही व्याख्येखाली बसत नाही.

(श्लेष हवा असेल तर 'विश्वास पानिपतातच गेला' हे आहेच. अडीचशे वर्षं झाली, उधारी मागायला गेलं की अजून ऐकू येतं.)

"पण मामा, यात मेले असं कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही. विश्वासरावांबद्दल शंका उरली नाही, त्यांचा देह सापडला होता. भाऊंचं तसं पक्कं झालं नाही. पुढे तर भाऊ म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, त्याचं बंड माजलं, आणि १७७६ साली त्याला ठार करण्यात आलं. नानासाहेब नर्मदेवरून परतले, खचले, आणि २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले.

आणि भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई? त्या पानिपताहून जिवंत परत आल्या होत्या. पती गेला हे त्यांनी कधी मानलंच नाही. पुढची बावीस वर्षं त्या सुवासिनी म्हणून राहिल्या. १७८३ साली त्या वारल्या, तेव्हा कुठे दोघांचे अंत्यसंस्कार एकत्र करण्यात आले.